फणस वाया गेला तर जाऊ दे

मे उजाडला की फेसबुकवर आजीची बेगमी सुरू होते. अंगणातली वाळवणं, फणसपोळीची ताटं, खाली कमेंटींत लाल बदामांचा पाऊस. त्या अंगणात राबायला किती बायका होत्या, ते मात्र कोणी लिहीत नाही. आता आमच्या दापोलीकडे कितीतरी घरांत सत्तरीतली दोघंच उरलीत. झाडं होती तेवढीच आहेत, उलट वाढलीत.

एप्रिलअखेरपासून मिरगापर्यंत हापूस, रायवळ, फणस, करवंदं, जांभळं, रातांबे सगळं एकदम अंगावर येतं. माझं मत सांगतो, पटो न पटो: सगळं साठवायचं नाही. काय सोडायचं ते एप्रिलातच ठरवून टाकायचं.

पहिला मान रातांब्यांना, म्हणजे कोकमाच्या फळांना. वर्षभराची आमटी आणि सोलकढी त्यांच्यावर चालते. शिवाय ते थांबत नाहीत. पिकतात नेमके पाऊस दाराशी आल्यावर. फोडून बिया-गर वेगळा काढायचा, त्याला मीठ लावून रस सोडवायचा, सालं वाळवायची, रसात बुडवून पुट द्यायचं, परत ऊन. अशी चार-पाच पुटं तरी हवीत. मध्येच आभाळ धरलं की बुरशी आलीच. कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात लवकर पिकते, ती लावावी. आणि कलमच लावा हो! बियांची रोपं लावलीत तर निम्मी नर निघतात, आणि ते कळेपर्यंत सहा-सात वर्षं पाणी घालून झालेलं असतं.

फणसाचा बंदोबस्त मे महिन्यात होत नाही, तो कुयरी असतानाच करायचा. तेव्हाच निम्मे उतरवा. कोवळा फणस भाजीला दिला तर शेजारी आनंदाने नेतात. पिकलेला बरका, म्हणजे मऊ गऱ्यांचा फणस, फुकट दिला तरी कोणी दारात ठेवून घेत नाही. सांदणांपुरता एखादा बरका, तळलेल्या गऱ्यांना घट्ट गऱ्यांचे, जून झालेले दोन कापे, बस्स. बाकी गुरांना, वानरांना. आठळ्या मात्र टाकू नका. माती लावून सुकवून ठेवल्या की पावसात अळूच्या फदफद्यात पडतात. एवढ्या कमी कष्टात दुसरं काही टिकत नाही.

“रस काढून फ्रीझरला टाका ना,” हा सल्ला मुंबईहून येतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हा बरणीतलं आगळ, म्हणजे रातांब्यांचा खारवलेला रस, तेवढं शाबूत होतं.

‘वाया गेलं’ ही हळहळ नेहमी चार दिवसांसाठी आलेल्यांचीच असते. “काकू, यंदा फणसपोळीची साठं नाही घातलीत?” असं विचारणाऱ्याच्या हातात तेल लावून विळी दिली की त्याला लगेच ऑफिसचा फोन येतो. काकूंची कंबर कामातून गेली तरी ती कुणाच्या हिशोबात नसते.

तेव्हा चाकरमान्यांनो, मेच्या सुरुवातीला आंबे खायला येता, तसे शेवटच्या आठवड्यात रातांबे फोडायलाही या. नसेल जमत, तर आमसुलं नेताना बाजारभावाने पैसे द्या. काकू तोंड उघडून मागणार नाहीत, म्हणून मी इथे लिहितोय.