यात्रेला ट्रॉली नेऊ नका: त्या मेसेजला उत्तर

माघ लागला की आमच्या अमरावती-अकोल्याकडे व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतो. मोठ्या कुटुंबाला सल्ला असा: ‘दोन-तीन गाड्या भाड्यानं करण्यापेक्षा ५० एचपीचा ट्रॅक्टर घ्या, ट्रॉलीवर ताडपत्री ताणा, तीस माणसं आरामात शेगावला जातात. एचपी जास्त, म्हणून भार जाणवत नाही. वेग कमी, म्हणून धोका नाही. शेतीचं वाहन कोणी अडवत नाही, आणि विमा तर असतोच.’ यंदा माझ्या चुलतभावानं तो आमच्याच ओसरीत मोठ्यानं वाचला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. घरात चौदा पोरं आहेत, म्हणून हे लिहितो.

आधी एचपी. एचपी ही इंजिनाची ताकद, ती ओढायच्या कामाची. थांबवायला लागतात ब्रेक, ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन आणि चाकांची जमिनीवरची पकड. ५० एचपीचा ट्रॅक्टर भरतो साधारण दोन टन. रिकामी ट्रॉली दीड टन धरा, तीस माणसं सरासरी ५५ किलोंनी १,६५० किलो. म्हणजे दोन टनांच्या मागे तीन टनांहून जास्त. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात आणि ट्रॅक्टरचे ब्रेक सहसा मागच्या दोन चाकांनाच. पाच टनांचा सगळा जोर त्या दोन चाकांवर. सपाट सडकेवर हे कळत नाही. उतार लागला की ट्रॉली मागून ढकलते, ट्रॅक्टर आडवा होतो आणि हुकापाशी दोघांची घडी होते.

हे मी पाहिलं आहे. सालबर्डीच्या यात्रेहून परतताना डिझेल वाचवायला म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल केली होती. इंजिनाची पकड सुटली, ट्रॉलीनं ट्रॅक्टर फिरवला. माझ्या मोठ्या काकूचा पाय तेव्हा फाळक्याखाली, म्हणजे ट्रॉलीच्या कडेच्या पत्र्याखाली सापडला, ती अजून काठी घेऊन चालते. ट्रॅक्टर नवा होता, ताकदीला कुठंच कमी नव्हता.

ब्रेकचे पायडल दोन असतात, हेही त्या मेसेजमध्ये नाही. शेतात कमी जागेत वळायला डावा-उजवा वेगळा दाबायचा, सडकेवर आलं की दोन्ही खटक्यानं जोडायचे. वावरातून थेट यात्रेला निघालेल्या ट्रॅक्टरचा खटका लावायचा राहून जातो. मग समोर म्हैस आली, घाईत एकच पायडल दाबला गेला, की ट्रॅक्टर त्याच बाजूला खेचला जातो.

दोन चाकी ट्रॉलीत आणखी एक गोष्ट होते. माणसं मागच्या फाळक्याकडे दाटली की पुढचा हूक वर उचलू पाहतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार हलका होतो, आणि ब्रेक तर त्याच चाकांना. सोयाबीनची पोती जिथं रचली तिथं राहतात. माणसं सावलीसाठी सरकतात, पोरं काही दिसलं की एका बाजूला धावतात. फोर व्हील ड्राइव्ह चिखलात कामाचं आहे, पण त्यानं ट्रॉलीला ब्रेक येत नाहीत.

‘वेग कमी म्हणून धोका नाही’ हे वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटर. पाय ब्रेकवर जाईस्तोवर ट्रॅक्टर एका अख्ख्या ट्रॉलीच्या लांबीएवढा पुढं गेलेला असतो. ४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात मजुरांची ट्रॉली विहिरीत गेली, सात बाया गेल्या. १ ऑक्टोबर २०२२ ला कानपूर जिल्ह्यात घाटमपूरजवळ देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली. पंचवीसहून जास्त माणसं मेली, त्यांत बहुतेक बाया आणि पोरं. ताडपत्रीचं छत उन्हापुरतं ठीक, पण पाण्यात उलटलेल्या ट्रॉलीतून त्याच छतामुळे बाहेर निघता येत नाही.

कोणी अडवत नाही, हे अर्धं खरं आहे. पण ट्रॉली माल वाहायला आहे, माणसं वाहायला नाही. आणि विम्याचं म्हणाल, तर मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशाच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच सांगितलं. २००७ साली ट्रॅक्टर-ट्रॉलीवरच्या मजुराच्या प्रकरणात न्यायालयानं जखमीचे पैसे कंपनीला द्यायला लावले, पण ते मालकाकडून वसूल करायची मुभा दिली. म्हणजे घरचं माणूसही जायचं आणि वावरही विकायला काढायचं.

खर्चाचं मात्र मेसेज लिहिणाऱ्याचं दुखणं खरं आहे. तीस माणसांना भाड्याच्या गाड्या झेपत नाहीत. त्यासाठी एसटीचा हिशोब करून पाहा. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना फुकट, लहान पोरांनाही अर्धं. आमच्या घरात पूर्ण तिकिटाची माणसं नऊच निघाली. अख्खी गाडी हवी असेल तर आगारात जाऊन प्रासंगिक कराराचा दर विचारा. त्यात या सवलती धरू नका, पण तीस जणांत वाटून पाहा.

यंदा शेगावला गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला आम्ही एसटीनं जातो आहोत, भांडी आणि शिधा छोट्या हत्तीत, म्हणजे लहान टेम्पोत. ट्रॅक्टर घरीच राहील, हरभरा काढायला आला आहे.