खुलासा : जुना सायनस नेहमी धुळीचाच नसतो

घणसोलीच्या आपल्या सोसायटी ग्रुपवर फिरतंय: ‘जुना सायनस म्हणजे धूळ, २१ दिवस वाफ घ्या, मुळापासून जाईल.’ मीही तो मेसेज पुढे ढकलला होता, चूक माझी. वाफेने चोंदलेलं नाक तात्पुरतं मोकळं होतं, एवढंच. माझ्या बहिणीचं नाक दोन वर्षं ‘ठाणे-बेलापूर रोडच्या धुळीनं’ गळत होतं. रोज सकाळी रुमालात रक्ताळलेल्या खपल्या. शेवटी एएनसीए (आपल्याच पेशींवर उलटलेली प्रतिपिंडं शोधणारी) रक्ततपासणी आणि बायोप्सीत निघाला जीपीए (ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस) हा आजार: यात आपली प्रतिकारशक्तीच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते. तो फुप्फुसं, मूत्रपिंडंही धरतो, म्हणून लघवीही तपासतात. आजार दुर्मिळ आहे, घाबरू नका. पण त्रास १२ आठवड्यांवर गेला किंवा रक्त दिसलं, तर कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवाच. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासाही टाका.