पहिल्या इतिहासात सापडलेलं पाकीट

पप्पांना जाऊन पाच वर्षं झाली तरी त्यांची पत्र्याची ट्रंक आम्ही उघडली नव्हती. गेल्या महिन्यात उघडावी लागली. आम्ही नाशिकला गंगापूर रोडला फ्लॅट बघतोय आणि बायकोचं म्हणणं, नव्या घरात ही ट्रंक येणार नाही. तिचं बरोबर आहे, ट्रंकेला खालून गंज चढलाय.

सगळ्यात वर त्यांचा नाताळचा कोट. दरवर्षी 25 तारखेच्या उपासनेला निघायचा आणि 1 जानेवारीनंतर डांबरगोळ्या घालून परत आत जायचा. झटकला तर कॉलरपाशी जाळी. लहानपणी संडेस्कूलमध्ये पृथ्वीवरच्या संपत्तीला 'कसर व जंग' लागतात हे पाठ केलं होतं, तेव्हा मला वाटायचं कसर म्हणजे 'थोडी कसर राहिली' मधली कसर. ती कपडे खाणारी कीड असते हे वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कोट हातात धरून कळलं. ट्रंकेला जंग, कोटाला कसर. त्या वचनातले चोर तेवढे यायचे राहिले होते.

कोटाखाली पप्पांचं बायबल, खाकी कव्हर घातलेलं. त्यात एक पाकीट होतं. ते मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, म्हणजे त्या कसर-जंगाच्या वचनापाशीच, सापडलं असं लिहिलं असतं तर पोस्ट जास्त शेअर झाली असती. पण ते होतं 'पहिला इतिहास' या जुन्या करारातल्या पुस्तकात, 'आदाम, शेथ, अनोश' पासून नऊ अध्याय नुसत्या वंशावळ्या चालतात तिथे. आमच्या घरात तिकडे कोणी फिरकत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पाकिटावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं : 'माझ्या मातीसाठी. कोणाला त्रास नको.' आत पाचशेच्या आठ नोटा. जुन्या.

माझे वडील नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं होते. 1970 ला लागले, 2004 ला रिटायर. 1928 पासून तिथे नोटा छापतात, आणि नाशिकरोडला 'प्रेसमध्ये आहेत' म्हटलं की वर्तमानपत्राच्या प्रेसमध्ये का, असं कोणी विचारत नाही. त्यांचं काम मोजणीचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पैसा हातातून जायचा आणि सुटताना गेटवर झडती द्यायची. हिशेब जुळल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. आई कधी कधी चिडवायची, "लाखो मोजून आलात, आता येताना दुधाला सुट्टे आणलेत का?" ते हसायचे आणि म्हणायचे, "ते मालकाचं. आपलं एक तारखेला." या माणसाने पैशाचा कधी तिरस्कार केला नाही. नोट दुमडलेली दिसली तर सरळ करून ठेवायचे. पण हातातली प्रत्येक गोष्ट आपली नसते हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

आणि या माणसाच्या स्वतःच्या अंत्यविधीच्या नोटा 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री कागद झाल्या. बँकेच्या रांगेत मीच त्यांच्याबरोबर उभा होतो. घरातलं सगळं भरलं, हे पाकीट तेवढं राहिलं. विसरले असतील, नाहीतर मातीसाठी पैसे ठेवलेत हे आम्हाला कळायला नको असेल. प्रत्यक्षात जानेवारी 2020 मध्ये त्यांना माती दिली तेव्हा पेटीचे पैसे चर्चच्या मंडळीतल्या दोघांनी परस्पर देऊन टाकले. कोणी दिले ते आजतागायत कळलं नाही. पाळकसाहेबांना माहीत आहे, पण ते सांगत नाहीत.

हे पाकीट हातात घेऊन मी बराच वेळ बसलो, आणि गेली काही वर्षं मनात खदखदत असलेलं लिहायचं ठरवलं. आपल्याच लोकांबद्दल आहे, म्हणून आधीच क्षमा मागतो.

आपल्या उपासनेतल्या साक्षी ऐका, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते लोक उभं राहून सांगतात त्या. फ्लॅट झाला, प्रभूची स्तुती असो. मुलाचा कॅनडाचा व्हिसा आला, हालेलुया. गाडी घेतली, प्रार्थनेला या. मागण्याबद्दल माझी तक्रार नाही. रोजची भाकर मागायला प्रभूनेच शिकवलं, आणि फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला मेणबत्ती घेऊन रांगेत उभी असलेली बाई नवऱ्याच्या नोकरीसाठी रडत असेल तर तिला शहाणपण शिकवणारा मी कोण? पण गेल्या दहा वर्षांत 'मी भावाशी कोर्टातली केस मागे घेतली' अशी साक्ष मी एकदाही ऐकली नाही. 'धंद्यात खोटं बिल द्यायचं नाकारलं आणि गिऱ्हाईक गेलं' अशीही नाही. ज्याचा व्हिसा नाकारला जातो तो त्या रविवारी मागच्या बाकावर बसतो, कारण त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं आपण त्याला शिकवून ठेवलंय. आशीर्वाद म्हणजे काय तर ज्याची किंमत बाजारात लावता येते ते. मग आपल्यात आणि बाजारात फरक काय राहिला?

लूकच्या बाराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दृष्टांतातला तो शेतकरी मला निफाडकडचाच वाटतो. पीक उदंड आलं, कोठारं पुरेनात, म्हणाला जुनी पाडून मोठी बांधतो. आपल्याकडे तो कांद्याची चाळ वाढवेल. उन्हाळ कांदा भरायचा, भाव येईपर्यंत थांबायचं. आणि ज्याने चाळीत कांदा भरलाय त्याला विचारा, वरून ढीग तसाच दिसतो आणि आत वजन घटत असतं, कोंब फुटत असतात, एक सडला की शेजारचे चार जातात. साठवणं पाप नाही. कांदा साठवला नाही तर शेतकरी मेलाच. त्या माणसाची चूक वेगळी होती. तो देवाशी बोलत नाही, बायकोशी नाही, गड्यांशी नाही. 'हे जिवा' म्हणत स्वतःशीच बोलतो. सगळा हिशेब त्याने स्वतःच मांडला आणि स्वतःच तपासला. गेटवर झडती असते हेच तो विसरला.

आता दुसरी बाजू. 'सार्वकालिक दृष्टी ठेवा', म्हणजे अनंतकाळाकडे बघून जगा, असं म्हटलं की आपल्यातले काही लोक लगेच डोळे वर करतात. हे जग नाशवंत आहे, इथलं काय घेऊन बसलात. गल्लीतली गटार तुंबली तरी तेच, सुनेचा छळ होत असला तरी तेच. मला हे अजिबात पटत नाही. दर रविवारी उभं राहून आपण विश्वास कबूल करताना 'शरीराचे पुनरुत्थान' म्हणतो. आत्मा सुटला आणि पीडा गेली, असं म्हणत नाही. ज्या देवाला शरीर परत उठवायचंय, त्याला या मातीची किंमत नाही असं कसं म्हणायचं?

शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात. मॉल, दवाखाने, सिग्नल. त्यातल्या कितीजणांना माहीत असेल की शरणपूर हे नाव कशावरून आलं? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने तिथे ख्रिस्ती वसाहत वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे आणली जात. गाव गेलेलं, आईबाप गेलेले, नाव सुद्धा दुसऱ्याने ठेवलेलं. 'इथे आपल्याला कायमचं नगर नाही' हे बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रातलं वचन त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि त्या मुलांना तिथे काय शिकवलं? नुसती स्वर्गाची गाणी नाहीत. अक्षरओळख दिली, सुतारकी दिली, लोहारकी दिली.

त्यांतला एक जेकब वेनराइट. 1873 मध्ये मिशनरी आणि संशोधक प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आत खोलवर वारले तेव्हा तो त्यांच्या तांड्यात होता. त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. दफनविधीची प्रार्थना वाचली ती या आपल्या नाशिकच्या शाळेत शिकलेल्या पोराने, आणि झाडाच्या खोडावर लिव्हिंग्स्टनचं नाव कोरलं तेही त्यानेच. मग चुमा, सुसी आणि बाकीच्या सोबत्यांनी ते शरीर मीठ लावून, उन्हात वाळवून, कापडात गुंडाळून समुद्रापर्यंत वाहून नेलं. हजार मैलांहून जास्त वाट, कितीतरी महिने. वाटेत ताप, मृत्यू, आणि इथेच पुरून मोकळे व्हा असा सल्ला. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन झालं तेव्हा पेटीच्या मानकऱ्यांत जेकब होता.

मला या गोष्टीतलं लिव्हिंग्स्टनचं मोठेपण नाही आठवत. ज्याला जगात स्वतःचं म्हणावं असं काही उरलं नव्हतं, तो दुसऱ्याचं मेलेलं शरीर इतक्या जपणुकीने घेऊन चालला, हे आठवतं. नाशवंतच आहे म्हणून त्याने ते वाटेत टाकलं नाही. आपलं नव्हतं, सोपवलेलं होतं, म्हणून नीट पोचवलं. पप्पांचं 'ते मालकाचं' मला इथे ऐकू येतं.

तर फ्लॅट. सेल्समन म्हणतो, सिंहस्थानंतर हा भाव स्वप्नात सुद्धा मिळणार नाही, दादा. हप्ता वीस वर्षांचा, म्हणजे मी अडुसष्टाचा होईपर्यंत. तिसरी बेडरूम कशाला हवी, या प्रश्नाला आमच्या दोघांकडे एकच उत्तर होतं : पाहुणे आले तर. आणि गेल्या तीन वर्षांत मुक्कामाला कोण आलं ते मोजायला बसलो तर एका हाताची बोटं उरली. बायको म्हणाली, "दोन बेडरूम बघू, आणि एकात आई." मला कॉलेज रोडवरच्या मित्रांना काय सांगायचं याची आधी काळजी वाटली, हे खोटं कशाला बोलू. सार्वकालिक दृष्टीवर एवढी मोठी पोस्ट लिहिणाऱ्या माणसाची ही अवस्था आहे.

नोटांचं काय करायचं यावर घरात चर्चा झाली. जुन्या दहा नोटांपर्यंत ठेवायला कायद्याची हरकत नाही, हे मुलाने मोबाईलवर शोधून सांगितलं. मी पाकीट परत पहिल्या इतिहासात ठेवलं.

आई हे सगळं खाटेवरून बघत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझं पाकीट तांदळाच्या डब्यात आहे. त्यातल्या तरी चालतात का बघ."

डब्यात हात घातला. शंभराच्या बऱ्याच होत्या, त्या चालतात. एक मात्र दोन हजाराची निघाली, गुलाबी, कोरी करकरीत. 2023 पासून बँकाही घेईनाशा झाल्यात. रिझर्व्ह बँकेच्या ऑफिसला पोस्टाने पाठवली की पैसे खात्यात जमा होतात म्हणे. सोमवारी हाफ डे टाकून पोस्टात जातोय.