फिलिप्सने काय शोधलं आणि काय हातचं सोडलं

फिलिप्स म्हटलं की आजच्या पोरांना ट्रिमर आठवतो, त्यांच्या आयांना मिक्सर आणि आजोबांना रेडिओ. मी कुडाळात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो, त्यामुळे मला यातलं सगळंच आठवतं, तेही आतल्या बाजूने. हल्ली कोणती कंपनी मोठी संशोधक हे पेटंटच्या आकड्यावरून ठरवायची फॅशन आहे. नवा फोन आला की अमुक हजार पेटंट म्हणून जाहिरात येते आणि लोक माना डोलावतात. मला ते पटत नाही. तुमचा शोध दुसऱ्या कंपनीच्या डब्यात बसला का आणि आमच्यासारख्या गावात चालला का, हे मी आधी विचारेन. फिलिप्सचीच गोष्ट घेतो.

कंपनी निघाली १८९१ साली, हॉलंडमधल्या आइंडहोवनला. जेरार्ड फिलिप्सने वडिलांचं भांडवल घेऊन दिव्यांचा कारखाना काढला. दिवा काही त्याने शोधला नव्हता. आणि त्या देशात तेव्हा पेटंटचा कायदाच नव्हता! १८६९ मध्ये त्यांनी तो रद्द केला, तो परत आला १९१२ मध्ये. म्हणजे पहिली वीस वर्षं, निदान घरच्या अंगणात, दुसऱ्याच्या कल्पनेवर दिवे बनवायला यांना कोणी अडवलं नाही. कायदा आला तसं १९१४ मध्ये कंपनीने स्वतःची प्रयोगशाळा काढली, नॅटलॅब. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून गावोगाव रेडिओ जोडणाऱ्यांना 'लोकल माल' म्हणून हिणवणाऱ्यांनी हे जरा ध्यानात ठेवावं.

प्रयोगशाळा मात्र त्यांनी खरीखुरी चालवली. पहिला प्रमुख गिलेस होल्स्ट. १९११ साली लायडनला शास्त्रज्ञ कामर्लिंग ओनेस यांच्याकडे पाऱ्याची अतिवाहकता (खूप थंड केला की वीज बिनविरोध वाहणं) सापडली, त्या प्रयोगात हा मदतीला होता. दिव्याच्या कारखान्यात असा माणूस आणून बसवायचा याला धाडस लागतं. तिथेच १९२६ मध्ये टेलेगनने पेंटोड व्हॉल्व्ह (रेडिओचा क्षीण संकेत मोठा करणारी काचेची नळी) काढला, जो पुढे जगभरच्या रेडिओंत बसला. १९४८ मध्ये तिथल्याच कासिमिरने गणिताने दाखवलं की निर्वात पोकळीत दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातात. यातून ट्रिमर विकला जात नाही, तरी त्याचा पगार चालू होता.

तो पगार कुठून येत होता तेही सांगतो, नाहीतर आरती ओवाळल्यासारखं होईल. दिव्यांतून. आणि १९२४ च्या शेवटी फिलिप्स, ओसराम वगैरे मोठ्या दिवेवाल्यांनी जिनिव्हात फीबस नावाची युती केली आणि दिव्याचं आयुष्य १००० तासांवर आणून ठेवलं. त्याहून जास्त टिकणारा दिवा बनवला की दंड. तेव्हा या कंपनीला मी संत म्हणत नाहीये.

आता कोकणाकडे येतो. जुना मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर कोणी उघडलाय का? आत एक काळी कांडी असते, वर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, तार हलू नये म्हणून मेण लावलेलं. ती फेराइटची. लोखंड चुंबकाला उत्तम, पण रेडिओच्या लहरी इतक्या भराभर बदलतात की लोखंडात वीज फिरून सगळी शक्ती उष्णतेत जाते. फेराइट म्हणजे लोहाचे ऑक्साइड भाजून केलेलं सिरॅमिक. चुंबकत्व आहे, वीज मात्र जवळजवळ जात नाही. पहिला शोध जपानी, १९३० सालचा, काटो आणि ताकेई यांचा. ते विकायला १९३५ मध्ये टीडीके कंपनी निघाली. पण त्याचा नीट अभ्यास करून ते रोजच्या वापरातलं केलं नॅटलॅबच्या स्नूकने. ही कांडी लहर आडवी पकडते, म्हणून आमच्या घळीतल्या वाड्यांत लोक रेडिओ मांडीवर घेऊन हळूहळू फिरवत बसायचे. रत्नागिरी केंद्र लागलं की तिथेच तो ठेवायचा आणि मग त्याला घरात कोणी हात लावायचा नाही. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर तर होडी लोटायच्या आधी 'समुद्र खवळलेला राहील' हे त्याच कांडीतून ऐकू यायचं.

याच्याही आधीची एक फसलेली गोष्ट मला फार आवडते. १९३०च्या दशकात फिलिप्सला रेडिओ विकायचे होते, पण जगात बहुतेक ठिकाणी वीज नव्हती. व्हॉल्व्हच्या रेडिओला जड बॅटरी लागायची आणि ती उतरली की बाजाराच्या गावी नेऊन चार्ज करायची. (आमच्याकडे पोफळीला डोंगराच्या पोटात वीज तयार व्हायला लागली साठच्या दशकात, ती गेली मुंबईला आणि आमच्या वाड्यांत कंदीलच. हा विषय काढला की मला थांबता येत नाही, म्हणून थांबतो.) तर या लोकांनी स्टर्लिंग नावाच्या स्कॉटिश धर्मगुरूचं १८१६ सालचं इंजिन धुंडाळून काढलं. बाहेरून उष्णता द्यायची, आत हवा प्रसरण-आकुंचन पावते आणि दट्ट्या मागेपुढे सरकतो. रॉकेलवर चालायचं, फटफट आवाज नाही, साधारण २०० वॉट वीज. युद्धानंतर दीडशेच्या आसपास संच बनवलेही. तोवर ट्रान्झिस्टर आला, रेडिओ चार सेलवर वाजायला लागला आणि हे इंजिन कोणाला नको झालं.

कंपनीने ते भंगारात घातलं नाही. तेच यंत्र उलट चालवलं, म्हणजे मोटरने फिरवलं, तर ते उष्णता ओढून घेतं. इतकी की हवा द्रव होते. पन्नासच्या दशकात त्यांनी हवा द्रव करणारी यंत्रं बाजारात आणली आणि द्रव नायट्रोजन बनवायला ती जगभर गेली. गुरांचा डॉक्टर रेतनाच्या कांड्या ज्या धुरकट कॅनमधून काढतो, त्यात हाच द्रव असतो. रेडिओ विकण्यासाठी सुरू केलेलं काम कुठे जाऊन पोचलं पाहा.

आणि मग कॅसेट. १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा मांडली. लू ओटेन्स या इंजिनिअरने बेल्जियममधल्या हासेल्टच्या कारखान्यात ती घडवली. आधी त्याने लाकडाचा एक ठोकळा कापला, कोटाच्या खिशात मावेल एवढा, आणि सांगितलं की यंत्र याहून मोठं होता कामा नये. फीत जेमतेम चार मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. आवाजाच्या शौकिनांनी नाकं मुरडली. ती चूक नव्हती, तेव्हाचा आवाज खरंच खास नव्हता.

पण खरी करामत ठोकळ्यात नव्हती, करारात होती. फिलिप्सने जपान्यांकडे रॉयल्टी मागितली. सोनी अडून बसली, जर्मनीच्या ग्रुंडिगची दुसरी कॅसेट तयार आहे म्हणाली. शेवटी फिलिप्सने परवाना फुकट दिला, अट एकच, माप बदलायचं नाही. उदारपणा म्हणा किंवा नाइलाज म्हणा, मी नाइलाज म्हणतो. पण त्या नाइलाजाने जे झालं ते कुठल्याही उदार माणसाने केलं नसतं. कुवेतच्या टेपवर भरलेली कॅसेट खेडच्या टेपवर वाजली. मुलगा तिकडून पत्राऐवजी कॅसेट पाठवायचा आणि अक्षरओळख नसलेली आई ती पुन्हा पुन्हा ऐकायची. अशा कॅसेटी माझ्याकडे जोडायला येत, फीत सारखी मागे नेऊन नेऊन तुटलेली.

मुंबईची कुठली कंपनी आमच्या दशावताराची तबकडी काढणार होती? रत्नागिरीच्या शक्ती-तुऱ्याची? कॅसेट आली आणि कोणालाच विचारायची गरज उरली नाही. दोन बुवांची डबलबारी, म्हणजे भजनाचा सामना, रात्रभर रंगायची, पुढे सतरंजीवर पाच-सहा टेप ओळीने मांडलेले, गजराला पखवाज चढला की सगळ्यांचे काटे एकदम लालमध्ये. दुसऱ्या दिवशी त्याच्या कॉप्या कणकवलीच्या स्टँडवर. कायदेशीर होतं का? अजिबात नाही. पण त्या बुवांचं नाव वेंगुर्ल्यापासून परळच्या चाळीपर्यंत त्यानेच गेलं. आणि जास्तीत जास्त कॅसेटींवर नाव कोणाचं? सोनीचं आणि त्या फेराइटवाल्या टीडीकेचं. ओटेन्स २०२१ मध्ये वारला, तेव्हा आमच्या बाजारात कोणाला पत्ताही नव्हता.

उलट जिथे फिलिप्सने स्वतःचं वेगळं घोडं दामटलं तिथे काय झालं? १९७९ ची व्हिडिओ २००० ही व्हिडिओ कॅसेट, दोन्ही बाजूंनी चालणारी, कागदावर तेव्हाच्या व्हीएचएस कॅसेटपेक्षा सरस. युरोपाबाहेर फारशी गेलीच नाही. १९९२ ची डिजिटल कॅसेट चार वर्षांत गुंडाळली. सीडी सोनीला बरोबर घेऊन केली, ती चालली. आमच्याकडे ती व्हीसीडीच्या रूपात आली, मालवणी नाटकं घेऊन.

टीव्हीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. "टीव्ही रातीत सगळे चॅनल इसारता, ह्येका काय म्हातारपण इला?" असं विचारत गिऱ्हाईक यायचं. बहुतेक वेळा आतली आठ पायांची मेमरी आयसी गेलेली असायची. ती मुख्य आयसीशी फक्त दोन तारांवर बोलते. ही दोन तारांची पद्धत, आय-टू-सी, फिलिप्सने १९८२ मध्ये काढली, टीव्हीतलं तारांचं जंजाळ कमी करायला. तिच्यावर बरीच वर्षं परवान्याचे पैसे होते, म्हणून काही कंपन्यांनी तेच दुसऱ्या नावाने विकलं. २००६ पासून ते पैसेही गेले. आज हापूसच्या बागेत हवेतला दमटपणा मोजायला पोरं जो सेन्सर लावतात, त्याच्यातही बहुधा याच दोन तारा असतात. आणि फोनमधली चिप? ती छापण्याची सर्वांत बारीक यंत्रं जगात एकच कंपनी बनवते, एएसएमएल. ती १९८४ मध्ये फिलिप्सच्याच आवारातल्या शेडमध्ये सुरू झाली. फिलिप्सने आपले शेअर पुढे विकून टाकले.

माझा राग आहे तो आत्ताच्यांवर. पूर्वी सेटबरोबर सर्किटचा नकाशा मिळायचा. फिलिप्सचं स्वतःचं तांत्रिक नियतकालिक १९३६ पासून १९८९ पर्यंत निघत होतं, त्यात आपले शोध ते सांगून टाकायचे. आता एका कंपनीचा फोन (नाव घेत नाही) माझ्याकडे येतो. अस्सल स्क्रीन बसवली तरी फोन म्हणतो, ही माझी नाही. आमच्या खाऱ्या वाऱ्यात चार्जिंगचा पिन गंजतो हे इथल्या शाळेतल्या पोराला ठाऊक आहे, पण सुटा पिन मागितला तर अख्खा बोर्ड घ्या म्हणतात. याला संशोधन म्हणायचं असेल तर म्हणा. सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, चांगलं केलं, पण पोर्टलने पिन येत नाही.

असो. कामाचं सांगतो. घरात जुन्या कॅसेटी असतील तर पावसाआधी काढून बघा. फितीच्या कडेला पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. ती कॅसेट टेपमध्ये घालू नका, हेडला लागली की पुढची चांगली कॅसेटही जाते. मागच्या कडेच्या दोन कपच्या मोडून ठेवा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. दुकानात आणलीत तर मी डबा बदलून, फीत साफ करून पेनड्राइव्हवर उतरवून देतो. एसटीच्या पार्सलने पाठवणाऱ्यांनी नाव पेन्सिलने लिहावं, शाई पावसात उतरते. डबलबारीचे पैसे घेत नाही. लग्नाच्या कॅसेटीचे घेतो.