पाटीवरची वरची ओळ वाचा

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या, तिथं फिरायला येणाऱ्या माझ्या मराठी मित्रमैत्रिणींनो, एक कळकळीची विनंती. रस्त्यावरच्या पाटीवर इंग्रजी नावाच्या डोक्यावर तिरक्या अक्षरांत आयरिश नाव असतं. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. खरं गाव त्या ओळीत आहे.

लाउथ काउंटीतलं 'आर्डी' घ्या. इंग्रजीत या नावाला काही अर्थच नाही. वरची ओळ म्हणते 'बाल्या आहा इरिया', म्हणजे फरदियाच्या उताराचं गाव. उतार, नदी पायी ओलांडायची जागा. जुनी आयरिश दंतकथा अशी: कॉनाक्ट प्रांताच्या मेव्ह राणीला अल्स्टर प्रांतातला एक तपकिरी वळू हवा होता, त्यासाठी तिनं सैन्य आणलं. वाट अडवून अल्स्टरचा वीर कू खुलिन एकटा उभा. त्याच्यापुढे तिनं धाडला फरदिया, त्याच्याच गुरूकडे शिकलेला, भावासारखा वाढलेला. दोघं दिवसभर त्या उतारात लढायचे आणि पहिल्या रात्री तर एकानं जखमांसाठी औषधी पाला पाठवला, दुसऱ्यानं ताटातलं जेवण! शेवटी फरदिया पडला. कू खुलिन त्याला उचलून पलीकडच्या काठावर घेऊन गेला आणि रडत बसला. एवढं सगळं त्या एका नावात आहे.

अशा कथांना आयरिशमध्ये 'दिनशनखस' म्हणतात. आपल्या स्थलपुराणांची सख्खी बहीणच.

मग हे हरवलं कसं? १८२४ मध्ये ब्रिटिशांनी नकाशांसाठी देशाच्या जमिनीची मोजणी काढली. जॉन ओडोनोव्हन हा आयरिशचा मोठा जाणकार गावोगाव फिरला, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून मूळ नावं नोंदवत गेला. त्याचे उपकार मानावे तेवढे थोडे. पण नकाशावर छापली गेली ती इंग्रजी कानाला ऐकू आली तशी रूपं. गावाच्या नावातलं 'किल' म्हणजे कुठे 'किल्ल', चर्च, तर कुठे 'कॉइल', रान. इंग्रजी स्पेलिंगवरून कळायला मार्गच नाही. हे मला फार लागतं. लोक आपल्याच गावाचा अर्थ विसरतात, तेव्हा त्यांच्याकडून नेमकं काय काढून घेतलं गेलं हे आपल्याला तरी कळायला हवं.

सरकारी 'लॉगइनम' (logainm.ie) संकेतस्थळावर बऱ्याच नावांचे उच्चारही ऐकता येतात. आपल्या गल्लीचं, मुलांच्या शाळेच्या गावाचं नाव शोधा. आणि आर्डीहून जाणार असाल तर नदीकाठी पाच मिनिटं थांबा. फरदियाला दोन्ही हातांवर घेतलेल्या कू खुलिनचा पुतळा आहे तिथं.