झोजिला राहूनच गेला!
रणगाड्यांच्या गाजलेल्या लढायांवरचा तुमचा लेख आवडला. दुसऱ्या महायुद्धातल्या कुर्स्क, एल अलामेन ठीक, पण रणगाड्यांच्या यादीत काश्मीरहून लडाखला जाणारी झोजिला खिंड नाही? पाकिस्तानशी पहिलं युद्ध, १ नोव्हेंबर १९४८, उंची साडेअकरा हजार फूट, वरून बर्फ. आपल्या लष्कराच्या सातव्या लाइट कॅव्हलरी या रणगाडा दलाचे स्टुअर्ट रणगाडे बुरूज (वरचे तोफेचे फिरते घुमट) उतरवून, ताडपत्रीखाली झाकून गुपचूप श्रीनगरमार्गे खिंडीच्या पायथ्याला बालतालला नेले. वजन पेलावं म्हणून वाटेतले पूल बळकट केले. मद्रास सॅपर्सनी, म्हणजे लष्करी इंजिनिअरांनी, खेचरांच्या पायवाटेचा रस्ता केला; खरं श्रेय त्यांचं, पण नाव कोण घेतं? तिथल्या सैन्याचे प्रमुख जनरल थिमय्या स्वतः पुढच्या रणगाड्यात होते. स्टुअर्ट तसा हलका, जर्मन रणगाड्यांपुढे किरकोळच. पण समोरच्या पाकिस्तानी बंकरवाल्यांनी तिथे रणगाडा येईल हे स्वप्नातही पाहिलं नव्हतं. खिंड त्याच दिवशी हाती आली, पुढे लेहचा रस्ताही मोकळा झाला.