व्होल्वो घेणारी गीली आणि वॉल्डॉर्फ घेणारी आनबांग

वरपर्यंत हात पोहोचलेल्या कंपन्या परदेशात बेधडक गुंतवणूक करतात आणि त्यातून देशाचं तंत्रज्ञान पुढे जातं, असं हल्ली चीनकडे बोट दाखवून सर्रास सांगितलं जातं. मला हे अर्धंच पटतं. ओळखीने पैसा आणि परवानगी लवकर मिळते, पण शिकण्याची निकडही तिथेच संपते.

चीनची आनबांग विमा कंपनी बघा. तिचे तेव्हाचे अध्यक्ष वू श्याओहुई हे चीनचे एकेकाळचे सर्वोच्च नेते डेंग शियाओपिंग यांचे नातजावई होते. कंपनीने न्यूयॉर्कचं वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेल 1.95 अब्ज डॉलरला घेतलं. 2018 मध्ये वू यांना फसवणुकीबद्दल 18 वर्षांची शिक्षा झाली आणि कंपनी सरकारने ताब्यात घेतली. इतका पैसा देशाबाहेर गेला, त्यातून नवं काय उभं राहिलं?

शांघाय सरकारच्या मालकीची सायक तर मोटारीच बनवते. परदेशी कंपनीला चीनमध्ये गाड्या बनवायच्या तर स्थानिक भागीदार सक्तीचा होता, त्यामुळे सायकला जर्मनीची फोक्सवागन आणि अमेरिकेची जनरल मोटर्स (जीएम) भागीदार म्हणून घरबसल्या मिळाल्या. चीनचे माजी मंत्री हो ग्वांगयुआन यांनी 2012 मध्ये या भागीदाऱ्यांना चक्क अफूची उपमा दिली होती. याच सायकने दक्षिण कोरियाची सांगयाँग ही मोटार कंपनी घेतली. 2009 मध्ये सांगयाँग दिवाळखोरीच्या दारात आली, सायकवर तंत्रज्ञान पळवल्याचे आरोप झाले आणि सांगयाँगच्या कामगारांनी 77 दिवस कारखाना ताब्यात ठेवला.

गीली ही मोटार कंपनी मात्र खासगी. ली शूफू यांच्या या कंपनीची सुरुवात फ्रिजच्या सुट्या भागांपासून झाली आणि मोटारींचा परवाना मिळायलाच झगडावं लागलं. 2010 मध्ये त्यांनी अमेरिकेच्या फोर्डकडून व्होल्वो ही स्वीडनची मोटार कंपनी घेतली, तेव्हा डाचिंगसारख्या चिनी शहरांच्या सरकारांचा पैसा त्यांनीही वापरला. ओळख इथेही होतीच, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांनी व्होल्वोच्या इंजिनिअरांना मोकळीक दिली. 2013 मध्ये स्वीडनमध्ये गोथेनबर्गलाच दोन्ही कंपन्यांसाठी संशोधन केंद्र काढलं. तिथे तयार झालेल्या एकाच सांगाड्यावर व्होल्वोची एक्ससी40 आणि गीलीची लिंक अँड को, दोन्ही गाड्या उभ्या राहिल्या. सरकारी भागीदारीच्या उबेत वाढली असती, तर गीलीला याची गरजच वाटली नसती, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडेही एखादा उद्योगसमूह बँकांच्या कर्जावर परदेशी कंपनी घेतो, तेव्हा सौद्याचा आकडा पहिल्या पानावर येतो. तिथल्या संशोधन विभागातले किती लोक टिकले, इथले किती इंजिनिअर तिथे जाऊन काम शिकले, हे पाच वर्षांनी कुणीच विचारत नाही. कर्ज देणाऱ्या बँकेने तरी हा हिशोब दरवर्षी मागितलाच पाहिजे.